दोन तोंडांची वायर

"ताई, या पाइपाला हात लावला की मुंग्या यायल्यात हो!"

आमच्या बचत गटातली एकजण डोशाचं पीठ ढवळता ढवळता हे इतक्या सहज बोलली, की बाकीच्या जणी चक्क हसल्या. एकीने तर मुद्दाम बोट लावून बघितलं. "हो गं बाई, खरंच!" म्हणून तीही हसली.

महाशिवरात्रीचे दिवस होते. हिमायतनगरला श्री परमेश्वराची यात्रा म्हणजे आमच्या भागातला मोठा सण. आमच्या गावाचं जुनं नाव वाढोणा. यात्रेत पाळणे, रसवंत्या, बांगड्यांची दुकानं अशी सगळी गर्दी असते. आमच्या गटानेही इडली-डोशाचा स्टॉल टाकला होता. लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर पत्रे, दोन बल्ब, एक पंखा आणि चटणीसाठी मिक्सर. वीज कुठून? तर पाच-सहा स्टॉलवाल्यांनी मिळून भाड्याने आणलेल्या जनरेटरवरून.

मला मात्र हसू आलं नाही. मी आधी जनरेटर बंद करायला लावला आणि मग आमच्या मिक्सरची वायर हाताने धरून मागे मागे जात राहिले. दोन पत्र्यांच्या फटीतून ती आली होती. पत्र्याच्या धारेने तिचं वरचं आवरण कापलं गेलं होतं आणि आतलं तांबं पाइपाला टेकलं होतं. पुढे जनरेटरपाशी गेले तर तिथे प्लगच नव्हता. दोन उघड्या वायरी सॉकेटच्या भोकांत खुपसलेल्या, आणि त्या निसटू नयेत म्हणून शेजारी काडीपेटीच्या काड्या ठोकलेल्या!

मैत्रिणींनो, काड्या खोचलेलं सॉकेट तुम्हीही पाहिलं असेल. लग्नाच्या मांडवात, गणपतीत, कीर्तनाच्या सप्ताहात. आपण ते पाहतो आणि पुढे जातो. आमच्या त्या दोघींच्या पायात रबरी चपला होत्या आणि खाली कोरडी सतरंजी, म्हणून मुंग्यांवर भागलं. पीठ सांडून जमीन ओली झाली असती आणि एखादी अनवाणी असती तर? विचार करवत नाही.

जनरेटरवाले भाऊ तावातावाने आले. "कामून बंद करायला लावलात ताई? बारा वर्षं झाली हा धंदा करून. माझ्या जनरेटरवर आजवर एक माणूस मेला नाही!"

मी त्यांच्याशी भांडणार होते. पण तोंडातून शब्द फुटेना. कारण हेच वाक्य, अगदी याच तोऱ्यात, मी स्वतः एकदा बोलले होते. ती गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. आज सांगते.

२००५ नंतरची ती काही वर्षं तुम्हाला आठवत असतील. सगळ्या महाराष्ट्रात विजेचा तुटवडा आणि ग्रामीण भागात बारा-बारा तासांचं भारनियमन. आमच्या घराला लागून यांचं झेरॉक्सचं दुकान. वीज नाही तर धंदा नाही. म्हणून यांनी २ केव्हीएचा एक छोटा पेट्रोलचा जनरेटर आणला. दिवसा दुकानाला आणि रात्री घराला. घराला वीज कशी द्यायची? एका ओळखीच्या माणसाने युक्ती सांगितली आणि वायरही स्वतःच बनवून दिली. दोन्ही टोकांना पिनांचा प्लग! एक तोंड जनरेटरच्या सॉकेटमध्ये आणि दुसरं स्वयंपाकघरातल्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये. झालं, घरभर उजेड! आम्ही तिला 'दोन तोंडांची' म्हणायचो. अशी वायर दुकानात तयार मिळत नाही. का मिळत नाही, हा प्रश्न बी.ए. झालेल्या मला कधी पडला नाही.

नियम एकच होता. आधी मेन स्विच बंद, मग जनरेटर सुरू. हे तो नियम पाळायचे. मीही पाळायचे.

मृगाचा पाऊस होता. संध्याकाळी वादळ झालं आणि वीज गेली. हे नांदेडला गेलेले. धाकटा तापाने फणफणलेला. पंखा नाही, घरात डास. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू तळमळायलंय, ते मशीन तर चालू कर." मी वायरची दोन्ही तोंडं लावली, दोरी ओढली, जनरेटर धडधडला. पण नेहमीसारखा नाही, कण्हत कण्हत. बल्ब पिवळा, पंखा मलूल. आणि समोरच्या घराच्या खिडकीतही बल्ब मिणमिणलेला दिसला. मला वाटलं, अरे, लाईट आले वाटतं!

लाईट आले नव्हते. मी मेन स्विच बंद करायला विसरले होते. माझा जनरेटर माझ्या घरातून, मीटरमधून, सर्व्हिस वायरवरून बाहेर खांबावर वीज पाठवत होता. म्हणून तो कण्हत होता, आणि म्हणूनच समोरचा बल्ब मिणमिणत होता.

पाच मिनिटांत दार धडधडलं. आमच्या भागाचे वायरमन. अंगावर पाणी निथळतंय, ओठ पांढरे पडलेले. कोपऱ्यावरच्या खांबाजवळची तार तुटली होती आणि ते शिडी लावून चढण्याच्या बेतात होते. सवयीने आधी टेस्टर लावला. लाइन तर डीपीवरून स्वतः बंद करून आलेले, आणि टेस्टर पेटला!

ते आत आले, सॉकेटमधली ती वायर पाहिली आणि खालीच बसले. मी काय बोलावं? "आम्ही दोन वर्षं अशीच लावतो हो भाऊ, कधी काही झालं नाही!" असं म्हणाले मी. ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, मलाबी एक लहान लेकरू हाय."

त्यांनी जनरेटर बंद केला, कमरेची पक्कड काढली आणि त्या वायरचं एक तोंड कापून टाकलं. पाणीसुद्धा न पिता गेले. ती रात्र आम्ही कंदिलावर काढली. लेकराच्या कपाळावर पट्ट्या बदलत होते आणि डोळ्यापुढे ती शिडी दिसत होती.

पुढे मी हे सगळं नीट समजून घेतलं. मला फिजिक्स येत नाही, पण जे कळलं ते आपल्या भाषेत सांगते.

डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टची वीज उतरवून आपल्या घरापुरती २३० व्होल्टची करतो. पण तो उलटाही चालतो. आपल्याकडून २३० व्होल्ट त्यात गेले तर पलीकडच्या बाजूला पुन्हा हजारो व्होल्ट तयार होऊ शकतात. बहुतेक वेळा असं होत नाही, कारण सगळ्या आळीचा भार अंगावर आला की छोटा जनरेटर दम तोडतो. या 'बहुतेक वेळा'नेच आपला घात होतो. वादळात मध्येच तार तुटली की भार उरतो दोन-चार घरांचा, मग जनरेटर तग धरतो आणि तार जिवंत राहते. आणि अशी तार जोडायला माणूस खांबावर चढतो तो नेमका वादळानंतरच.

त्या वायरचे आणखी दोन दोष. एक तोंड जनरेटरमध्ये असताना दुसरं बोर्डातून निसटलं, तर पितळेच्या उघड्या पिना जिवंत असतात. रांगतं मूल त्या हातात घेऊ शकतं. आणि जनरेटर चालू असताना मेन लाइन परत आली तर दोन्हीकडची वीज एकमेकींवर आदळते. जनरेटरचं वायंडिंग जळतं, आगही लागू शकते.

मग घराला जनरेटर जोडायचाच नाही का? जोडायचा, पण चेंजओव्हर स्विच लावून. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला राहतो, मेन लाइन नाही तर जनरेटर. दोन्ही एकदम जोडले जाणं शक्यच नसतं. तापलेलं लेकरू मांडीवर असताना बाईच्या लक्षात काय राहील यावर खांबावरच्या माणसाचा जीव अवलंबून राहत नाही. हे काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. आमचा स्विच वादळानंतर आठच दिवसांत बसला. त्याचा खर्च तेव्हा जड गेला, पण यांनी एका शब्दाने विचारलं नाही.

स्विच बसवायचा नसेल तर जनरेटरच्या सॉकेटमध्ये थेट उपकरण लावायचं, घराच्या बोर्डात काही घालायचं नाही. आणि या सॉकेटचीही एक गोष्ट आहे. आपण सॉकेट बघून वापर ठरवतो. मोठ्या पिनांचं, १६ अँपिअरचं दिसलं की गिझर, इस्त्री काहीही लावतो. पण सॉकेट मोठं आहे म्हणून मशीन मोठी होत नाही! आमचा २ केव्हीएचा जनरेटर मोटामोटी १६०० वॉटचा भार पेलायचा. इस्त्री १००० वॉट, मिक्सर ५०० ते ७५०. दोन्ही एकदम लावले की संपलं. २००० वॉटच्या गिझरचं तर नावच नको. पंखा साधारण ७५ वॉट, एलईडी बल्ब ९ वॉट, हे बिनधास्त चालतात. फ्रिज चालताना थोडी वीज घेतो, पण सुरू होताना मोटर कितीतरी पट ओढते. पाण्याची मोटरही तशीच. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट एवढा हिशोब मांडून भागत नाही, सुरू होतानाचा झटका धरावा लागतो. म्हणून जनरेटर आधी मोकळा सुरू करावा, दोन मिनिटं त्याची धडधड स्थिर होऊ द्यावी, मग मोटरचं मोठं उपकरण लावावं आणि बाकीची एकेक करून. बंद करताना उलटं, आधी उपकरणं आणि शेवटी जनरेटर.

प्लगची वरची जाड पिन अर्थिंगची. ती इतर दोन पिनांपेक्षा लांब का असते माहीत आहे? आत जाताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. आपण काय करतो? दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती पिन तोडतो, नाही तर काड्या खोचतो. जनरेटरच्या सांगाड्यावर अर्थिंगसाठी एक बोल्ट असतो, तोही बहुधा रिकामाच गंजत असतो. त्याचं काय करायचं ते त्या मशीनच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पुस्तिका फेकू नका, बाई!

शॉकपासून वाचवायला आरसीसीबी नावाचा स्विच मिळतो. ३० मिलिअँपिअर वीज भलत्या वाटेने गेली तरी तो पुरवठा तोडतो. ३० मिलिअँपिअर म्हणजे किती? आपला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ४० घेतो. म्हणजे बल्ब पेटायला लागते त्याहून कमी वीजसुद्धा अंगातून काही क्षण गेली तर जिवावर बेतू शकते! पण स्विच नुसता विकत आणून लावला म्हणजे काम झालं असं नाही. जनरेटरवर न्यूट्रल आणि अर्थ यांची जोडणी बरोबर असेल तरच तो वेळेवर तुटतो. इथेही इलेक्ट्रिशियनच हवा, 'ओळखीचा माणूस' नको.

आता वायरची लांबी. जनरेटरबरोबर लोक तोकडी वायर घेतात आणि ती पुरत नाही म्हणून मशीनच घराजवळ आणतात, पावसात तर घरातच. चंद्रपूर शहराला लागून दुर्गापूर आहे. जुलै २०२१ मध्ये तिथे रात्री वीज गेली म्हणून एका कुटुंबाने घरातच जनरेटर लावला आणि सगळे झोपले. सकाळी, १३ तारखेला, सहा जण गेलेले सापडले. त्यात लहान मुलं होती, नुकतंच लग्न झालेलं जोडपं होतं. घरातली एक बाई तेवढी वाचली. ती बातमी वाचून मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. शॉक नाही, आग नाही, नुसता धूर. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि झोपेत असलेल्याला तेवढंही कळत नाही. खिडकी उघडी आहे, पडवीत आहे, गोठ्यात आहे, असली कारणं इथे चालत नाहीत. मशीन उघड्यावर, दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब हवी. धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. पावसात तिच्यावर चारी बाजूंनी मोकळं छप्पर हवं, ताडपत्रीत गुंडाळायची नाही.

म्हणून लांब वायरीत पैसे वाचवू नका. तीन तारांची, जाड, बाहेर वापरायची वायर घ्या. मोठ्या भाराला २.५ चौरस मिलिमीटरची. मध्ये टेप लावलेला जोड नको. रीळ असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर भाराखाली तापते आणि वितळते. सतरंजीखालून, पत्र्याच्या फटीतून, दाराच्या चौकटीत चेपून नेऊ नका. पेट्रोल टाकायचं तर मशीन बंद करून, थंड झाल्यावर. आणि कुणी चिकटलंच, तर त्याला ओढायला धावू नका! आधी जनरेटर बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा, मग १०८ ला फोन. खांबाची किंवा तुटलेल्या तारेची तक्रार असेल तर १९१२.

घरापेक्षा जास्त भीती मला आता मिरवणुकांची वाटते. टेम्पोवर डीजे, मागे जनरेटर, लोखंडी फळ्यांवर नाचणारी आपली पोरं आणि वरून पाऊस. ३१ जुलै २०२२ च्या रात्री बंगालमधल्या कूचबिहार जिल्ह्यात कावडियांच्या अशाच एका गाडीत वीज उतरली. दहा जण गेले. प्राथमिक तपासात बोट होतं ते डीजेसाठी लावलेल्या जनरेटरच्या वायरिंगकडे. आपल्याकडच्या मिरवणुकांचं वायरिंग त्याहून वेगळं असतं, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

यात्रेतल्या त्या जनरेटरवाल्या भाऊंशी शेवटी मी भांडले नाही. वायरमनची गोष्ट त्यांना सांगितली. ते ऐकत राहिले. मग मुलाला हाक मारून बाजारातून सहा प्लग आणायला सांगितले. आमची वायर तेवढ्यात बदलून झाली, पण सगळ्या स्टॉलच्या काड्या निघेपर्यंत दीड तास गेला. आमचं ऐन गर्दीच्या वेळचं गिऱ्हाईक बुडालं आणि दोघी-तिघी माझ्यावर चांगल्याच रागावल्या. तेव्हापासून आमचा गट जनरेटर ठरवताना भाड्याच्या आधी सॉकेट बघतो. प्रत्येक वायरला प्लग हवा, प्लगला तिन्ही पिना हव्यात. नसतील तर दुसरा बघू. या भाऊंनी यंदा आपणहून आरसीसीबीचा डबा बसवून आणला. भाडंही थोडं वाढवलं, ते आम्ही दिलं.

एक तोंड कापलेली ती वायर मी टाकलेली नाही. आता बैठकीला पिशवीतून घेऊन जाते. परवा एका गावी ती सगळ्यांसमोर ठेवली आणि विचारलं, "अशी कुणाच्या घरी आहे?" आधी कुणी बोलेना. मग एक हात वर गेला, मग दुसरा. मोजले तर सात! एक म्हातारी आजी म्हणाली, "आमच्या इथं तर दोन हायेत माय, एक शेतातल्या आखाड्यावर."

पुढच्या बैठकीला चार जणी वायर कापून घेऊन आल्या. आजींनी दोन्ही आणल्या. उरलेल्या दोघींपैकी एक आलीच नाही. दुसरी म्हणाली, "मालक देईनात. म्हणले, आजवर काही झालं का?" शुक्रवारी तिच्या घरी जायचं ठरलंय. आमच्या वायरमनभाऊंना विचारलं, येता का बरोबर? आता रिटायर झालेत, गुडघे दुखतात. पण येतो म्हणालेत.